लाल रेघेच्या वर गेलेलं पाणी : चिपळूणच्या एका वकिली ऑफिसचं प्रकरण

आमचं ऑफिस चिपळूणच्या बाजारपेठेत, तळमजल्यावर. दोन खोल्या, मागच्या खोलीत वर फळ्यांचा पोटमाळा. माणसं तीन: आमचे सर, त्यांच्या हाताखाली शिकून आता निम्मी कामं बघणारी मी, आणि सरांनी वकिली सुरू केली तेव्हापासून त्यांच्यासोबत असलेले कारकून काका. २२ जुलै २०२१ च्या पुरात हे ऑफिस पोटमाळ्यासकट बुडालं. २६ जुलै २००५ लाही बुडालं होतं. मधल्या सोळा वर्षांत सरांनी पुढच्या पुराची जी तयारी करून ठेवली होती, तिच्यात वीज लागणारं काहीच नव्हतं. वही, रंग, पिशवी आणि थोडी शिस्त. त्यातलं काही पाण्यात टिकलं, काही पहिल्या दोन तासांत संपलं. कुठलं का टिकलं हे नीट मांडायचं आहे, कारण कोकणात आणि कृष्णा-पंचगंगेच्या काठी आमच्यासारखी कितीतरी ऑफिसं आजही तळमजल्यावर आहेत.

त्या दिवशी शहरात माणसं गेली. त्याच दिवशी महाड तालुक्यात तळिये गावावर दरड कोसळली, खेड तालुक्यात पोसऱ्यात कोसळली. त्यापुढे फायलींचं नुकसान काहीच नाही, हे मनात ठेवूनच लिहिते आहे. पण पाणी ओसरल्यावर चौथ्या दिवशी आमच्या दारात पहिला पक्षकार उभा राहिला, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेला. त्याने स्वतःच्या घराचं काही सांगितलं नाही. एवढंच विचारलं, "ताई, माझा कागद आहे ना?"

२००५ ला काय झालं होतं

तेव्हा मी शाळेत होते. हा भाग सरांच्या आणि काकांच्या तोंडून ऐकलेला आहे.

ऑफिसात तीन लोखंडी कपाटं होती, फायलींनी गच्च. पाणी उतरल्यावर त्यांचे दरवाजे उघडेनात. कागद पाणी पितो, फुगतो आणि आतून दरवाजा दाबून धरतो. शेवटी गॅसकटरने कपाटं कापावी लागली. तोवर चार दिवस गेले होते, आतल्या गठ्ठ्यांवर बुरशी आली होती आणि पानं एकमेकांना चिकटून त्यांच्या विटा झाल्या होत्या. कपाट जितकं मजबूत आणि जितकं गच्च, तितकं आतलं वाचवणं अवघड, हे सरांना तेव्हा कळलं. आजही आमच्याकडे कुठल्याही फळीवर चार बोटं जागा मोकळी सोडतात.

त्याहून मोठा घाव डायरीचा. वकिलाची डायरी म्हणजे कुठल्या कोर्टात, कुठल्या तारखेला, कशासाठी, हे सगळं. ती टेबलाच्या खणात होती. कोर्ट सुरू झालं तेव्हा कुठल्या दिवशी कोणाचा पुकारा होणार हेच आमच्या ऑफिसला ठाऊक नव्हतं. काका कितीतरी दिवस सकाळी कोर्टात जाऊन प्रत्येक टेबलावर बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, उतरवून आणत. तरी एका अपिलाची मुदत निसटली. मुदत अधिनियम, १९६३ च्या कलम ५ खाली विलंबमाफीचा अर्ज केला, तो मंजूर झाला. पण सर ती गोष्ट अजून विसरलेले नाहीत. कलम ५ अपिलाला आणि अर्जाला लागू होतं, मूळ दाव्याला होत नाही. ते अपील नसून दावा असता तर पुराचं कारण सांगूनही दार उघडलं नसतं. कलम ४ आहे, पण ते कोर्ट बंद असल्याचं आहे: शेवटच्या दिवशी कोर्ट बंद असेल तर उघडेल त्या दिवशी दाखल करता येतं. वकिलाचं ऑफिस बुडालं म्हणजे कोर्ट बंद होतं असं नाही. कित्येकदा कोर्ट दुसऱ्या दिवशी चालू होतं आणि चिखलात अडकलेले फक्त आपण असतो.

तिसरं नुकसान अस्सल कागदांचं. कोकणातल्या वकिलाकडे पक्षकारांचे मूळ दस्तऐवज इतके का साठतात, हे बाहेरच्या माणसाला लवकर समजत नाही. आमचे निम्मे पक्षकार चाकरमानी. घर-जमीन इथे, पोट मुंबईत, ठाण्यात, डोंबिवलीत. वाटपाचा दावा, कुळाचं प्रकरण, वहिवाटीचा तंटा, काहीही असो. दर तारखेला आजोबांचं खरेदीखत पिशवीत घालून रात्रीच्या गाडीने आणायचं आणि परत न्यायचं, त्यापेक्षा "वकीलसाहेब, तुमच्याकडेच राहू दे, तिथेच सुरक्षित" असं म्हणून ते ठेवून जातात. वकिलालाही बरं वाटतं, कारण कागद आपल्याकडे म्हणजे पक्षकार आपल्याकडे. असे वर्षानुवर्षांचे विश्वासाने ठेवलेले कागद त्या कपाटांत होते.

सरांनी केलेले चार बंदोबस्त

पहिला, भिंतीवरची रेघ. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं तिथे सरांनी ऑइलपेंटने लाल रेघ मारून घेतली. तिच्यापासून दोन फूट वर पोटमाळा बांधला. मिरग लागला की चालू फायली वर चढायच्या, दसऱ्यानंतर खाली यायच्या.

दुसरा, दोन डायऱ्या. एक ऑफिसची छापील, दुसरी काकांच्या अक्षरातली साधी शंभरपानी वही. रोज संध्याकाळी काका पुढच्या तारखा दुसऱ्या वहीत उतरवतात. पक्षकाराचं नाव, गाव, फोन, कोर्ट, दावा क्रमांक, पुढची तारीख, कशासाठी. पुढे ई-कोर्ट, म्हणजे कोर्टातल्या प्रकरणांची ऑनलाइन माहिती, आलं तेव्हा सरांनी एक रकाना वाढवला: सीएनआर क्रमांक. प्रत्येक प्रकरणाला मिळणारा हा सोळा अंकाक्षरांचा क्रमांक हातात असेल तर कुठल्याही फोनवरून, कुठल्याही गावातून प्रकरणाची स्थिती आणि पुढची तारीख दिसते. म्हणजे सगळं ऑफिस बुडालं तरी या एका वहीवरून कोर्टातली सगळी प्रकरणं पुन्हा सापडतात. माझ्या मते आमच्या धंद्यात आजच्या घडीला सगळ्यात मोलाचा कागद हाच आहे, आणि तो बॉलपेनने लिहिलेला आहे.

तिसरा, उचलपिशवी. दाराजवळच्या खिळ्याला एक जाड कॅनव्हासची पिशवी. तिच्यात काकांची वही, सरांच्या सनदेची (वकिलीच्या परवान्याची) प्रत, ऑफिसचा शिक्का, कोरी वकीलपत्रं, दोन बॉलपेनं, थोडी रोकड, मेणबत्ती आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी. संध्याकाळी ऑफिस बंद झालं की ती काकांबरोबर त्यांच्या घरी जाते. त्यांचं घर चढावर आहे. पावसाळ्यात जाते असं नाही, बाराही महिने जाते. ज्या गोष्टीला "धोका वाटला तर" अशी अट घातली ती धोक्याच्या दिवशी हमखास विसरली जाते, असं सर म्हणतात.

चौथा, पोचवही. अस्सल कागद ऑफिसात ठेवायचा नाही. पाहायचा, छायाप्रती काढायच्या, मूळ पक्षकाराला परत द्यायचा आणि पोचवहीत सही घ्यायची: कुठला कागद, किती पानं, कुठल्या शाईत, स्टँपपेपर किती रुपयांचा, कधी आला, कधी गेला, कोणाच्या हातात. ही वहीही घरीच. सुरुवातीला पक्षकार नाराज होत; वकिलाचा आपल्यावर विश्वास नाही असं त्यांना वाटे. सर शांतपणे सांगत की कागद तुमचा आहे, माझा नाही. कायदाही तेच सांगतो. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये ठरवून दिलं आहे की फी थकली म्हणूनही वकिलाला पक्षकाराचे कागद अडवून ठेवता येत नाहीत. मग नुसत्या सवयीपोटी ठेवून कशाला घ्यायचे?

मृत्युपत्रांबद्दल तर सर जास्तच कडक. मूळ मृत्युपत्र ऑफिसात एक रात्रही राहत नाही. नोंदणी अधिनियम, १९०८ प्रमाणे मृत्युपत्र मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवता येतं. ही सोय शंभर वर्षांहून जुनी आहे आणि फार थोडे लोक ती वापरतात. मृत्युपत्र करणारा गेल्यावर मूळ कागद सापडला नाही, तर तो पुरात गेला की त्यानेच फाडून रद्द केला, इथून वाद सुरू होतो. त्या वादात खरं सांगू शकणारा एकमेव माणूस हयात नसतो.

२२ जुलै

२० तारखेला आषाढी एकादशी झाली होती. २१ ला बकरी ईदची सुट्टी. पिशवी २० च्या संध्याकाळपासून काकांकडेच होती.

२१ च्या रात्री सह्याद्रीच्या माथ्यावर आणि वाशिष्ठीच्या खोऱ्यात पाऊस थांबलाच नाही. खाडीत भरती. पौर्णिमा दोनच दिवसांवर, म्हणजे उधाणाचे दिवस. त्यात कोळकेवाडी धरणातून आलेलं पाणी. कशाचा वाटा किती यावर पुढे बरेच वाद झाले, त्यात मी शिरत नाही. पहाटे बाजारपेठेत पाणी होतं आणि उजाडेपर्यंत दुकानांच्या पाट्या बुडू लागल्या होत्या. वीज गेली, मग फोन गेले.

फोन जाण्याआधी काकांनी सरांना एकदा फोन केला होता. ऑफिसात जाऊन वरच्या फायली आणखी वर बांधतो, असं त्यांचं म्हणणं. सर म्हणाले, "काका, उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. फायली पुन्हा बांधता येतील." आमच्या तयारीतला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, आणि तो वेळेवर घेता आला याचं कारण पिशवी आधीच घरी होती. वाचवायला जाण्यासारखं ऑफिसात काही उरलंच नव्हतं, म्हणून नाही म्हणणं सोपं झालं. अस्सल कागदांनी भरलेली कपाटं तिथे असती तर काका थांबले असते का, याची मला खात्री नाही.

त्याच दिवशी आमच्या एस.टी. आगाराचे व्यवस्थापक आगाराची रोकड वाचवण्यासाठी बुडालेल्या बसच्या टपावर तासन्‌तास बसून होते. वर्तमानपत्रांतून ती गोष्ट सगळ्या महाराष्ट्राने वाचली. मला त्यात एक गोष्ट जाणवली: पाणी चढत असताना नेमकं काय उचलायचं, हे त्यांना ठरवत बसावं लागलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाणी ओसरलं. शटर वाकलेलं होतं. आत शिरल्यावर मी आधी लाल रेघ शोधली. ती चिखलाच्या थराखाली होती. पाण्याची नवी खूण तिच्या खूप वर, पोटमाळ्याच्याही वर दिसत होती. दोन फुटांचं अंतर सोडून बांधलेला माळा पूर्ण बुडून फळ्या खाली आल्या होत्या आणि वर चढवलेल्या चालू फायली खोलीभर पसरल्या होत्या.

सरांचा हा बंदोबस्त सपशेल फसला. कारण सरळ आहे. मागच्या पुराची उंची ही आपण पुराची कमाल उंची मानून बसलो. २००५ सारखं पुन्हा होणार नाही असं अख्खं शहर मानत होतं, आम्ही त्यापेक्षा दोन फूट शहाणे होतो एवढंच. शहरातलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचं; त्याच्याही ग्रंथांनी २००५ नंतर पुन्हा २०२१ मध्ये पाणी पाहिलं. उंचीवर भरवसा ठेवणारा उपाय एका ठरावीक पुरापुरताच असतो. याउलट दुसरी वही, पिशवी आणि पोचवही यांना पाणी किती फूट आलं याच्याशी देणंघेणंच नव्हतं, कारण त्या तिथे नव्हत्याच.

सांगलीतले वकील मित्र म्हणतात, आमच्याकडे निदान वेळ मिळतो. तिथे आयर्विन पुलावरची पाणीपातळी तासातासाला कळते. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा ५७ फुटांच्या पुढे गेली तरी चढायला दिवस लागले. तिथला वकील पातळी बघून टेम्पो बोलावू शकतो. वाशिष्ठी एका रात्रीत येते. म्हणून चिपळूणच्या ऑफिसची योजना "पाणी चढू लागलं की" या शब्दांनी सुरू होऊच शकत नाही.

ओले कागद

चिखलातून फायली काढताना हातमोजे आणि गमबूट, कारण लेप्टोची, म्हणजे पुराच्या घाण पाण्यातून होणाऱ्या तापाची, भीती. आरोग्य केंद्रातून गोळ्या घेतल्या. मग फायली माझ्या घरी नेल्या, कारण घराला विहीर आहे आणि त्या आठवड्यात गावात स्वच्छ पाणी सोन्याच्या मोलाचं होतं.

२००५ ला सगळ्यांनी केलेली चूक म्हणजे फाइल उघडून एकेक पान सोडवायला घेणं. ओलं पान स्वतःचं वजनही पेलत नाही, फाटतं. या वेळी फाइल बंद ठेवूनच, नाडी न सोडता, बादलीतल्या स्वच्छ पाण्यात हलकेच बुडवून चिखल जाऊ दिला. तीन बादल्या ओळीने. तिसऱ्या बादलीतलं पाणी गढूळ होईनासं झालं की पुरे. मग फाइल उभी करून निथळू दिली. त्यानंतर दर दहा-पंधरा पानांमागे एक वर्तमानपत्राचा कागद, तो ओला झाला की बदलायचा. पडवीत दोऱ्या बांधल्या आणि सुटी झालेली पानं त्यांवर टाकली. उन्हात मुद्दाम ठेवली नाहीत. कडक उन्हाने शाई उडते आणि कागद कडक होऊन मोडतो. ऊनही नव्हतंच म्हणा, आषाढ होता. वीज आल्यावर पंखे लावले, तेही कागदावर झोत न येईल असे.

ओल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते आणि कोकणातल्या पावसाळ्यात तर तेवढाही धीर मिळत नाही. सगळ्या फायली एकदम हाताळणं तिघांना शक्य नव्हतं. सगळ्यात नाजूक असे दोन गठ्ठे प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, घाटावर सरांच्या भाच्याच्या दुकानातल्या आइस्क्रीमच्या डीपफ्रीझरमध्ये ठेवले. गोठलेल्या कागदावर बुरशी वाढत नाही. घड्याळ थांबवल्यासारखं होतं आणि मग सवडीने थोडे थोडे काढून वाळवता येतात. प्रागमध्ये २००२ च्या महापुरानंतर भिजलेली पुस्तकं अशीच गोठवून ठेवली होती. कोकणात मासळीची शीतगृहं आहेत, बर्फाचे कारखाने आहेत. बार असोसिएशनने त्यांतल्या एखाद्याशी पावसाळ्याआधीच बोलून ठेवणं अवघड नाही.

कुठली शाई टिकली, याची मी तेव्हाच एका वहीत नोंद केली. लेझर प्रिंट आणि झेरॉक्स जवळजवळ जशीच्या तशी. बॉलपेन टिकलं. पेन्सिल टिकली. शाईच्या पेनाने लिहिलेलं वाहून गेलं, जेलपेनाचंही बरंच. इंकजेटवर छापलेल्या मसुद्यांचा निळा धूर झाला. नकलेवरचे रबरी शिक्के फिकट पडून ओळखू येईनात. अक्षर शाबूत आणि शिक्का गेलेला, अशी नक्कल कोर्टात काय कामाची? त्या सगळ्या नव्याने काढाव्या लागल्या. आणि थर्मल कागदावरच्या पावत्या, म्हणजे टपालाच्या आणि इतरही, कोऱ्या करकरीत. चेक न वटल्याच्या प्रकरणात नोटीस वेळेत धाडल्याचा पुरावा त्या एका पावतीत असतो. आता पावती हातात आली की त्याच दिवशी तिची झेरॉक्स निघते.

लॅमिनेशनबद्दल फार सांगावंसं वाटतं. एका पक्षकाराने हौसेने आपलं जुनं खरेदीखत लॅमिनेट करून घेतलं होतं. पाणी कडेच्या एका बारीक फटीतून आत गेलं आणि बाहेर यायला वाट नव्हती. आत बुरशी पसरताना वरून दिसत होती. कापून काढलं तर कागदाचा वरचा पापुद्रा प्लॅस्टिकबरोबर निघून आला. नातेवाइकांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, मूळ दस्त लॅमिनेट करू नका.

जे वाचलं नाही ते आम्ही रस्त्यावरच्या ढिगात टाकलं नाही. त्या दिवसांत बाजारपेठेत दुकानादुकानासमोर चिखलाचे डोंगर होते आणि त्यांत लोकांची बँक पासबुकं, रुग्णांच्या फायली, सगळं उघड्यावर पडलेलं दिसत होतं. पक्षकाराने विश्वासाने सांगितलेलं गुपित कागदाचा लगदा झाला म्हणून उघडं होऊ द्यायचं नाही.

एक कागद, जो ऑफिसात होता

पोचवहीच्या नियमाला एक अपवाद झाला होता. वाटपाच्या एका दाव्यातल्या पक्षकार, सत्तरी ओलांडलेल्या आजी, मुलाकडे मुंबईत राहणाऱ्या. लॉकडाऊनच्या आधी आल्या होत्या आणि जाताना दिरांच्या सहीची घरगुती वाटणीची यादी ठेवून गेल्या. "मुलाच्या घरात जागा नाही रे बाबा, हरवेल," असं सरांना म्हणाल्या. सर त्यांना परत पाठवू शकले नाहीत. मग कोविड आला, आजींचं येणं थांबलं आणि तो कागद पोटमाळ्यावरच्या फायलीत राहिला. जुना, शाईच्या पेनाने लिहिलेला, स्टँपपेपरवर. पुरानंतर तो सापडला तेव्हा स्टँपपेपरचा छापील भाग दिसत होता आणि खाली निळसर डाग.

नोंदलेला दस्त असता तर दुय्यम निबंधकाकडून प्रमाणित नक्कल मिळाली असती. सातबारा, फेरफार हे तर महसूल खात्याकडून पुन्हा मिळतातच. पण या कागदाची सरकारदरबारी कुठेच प्रत नव्हती. आमची झेरॉक्सही त्याच फायलीत होती आणि पानं चिकटून ती फाटली होती.

प्रत मिळाली ती विरुद्ध बाजूच्या वकिलांकडे. दाव्यासोबत कागदांच्या यादीने आम्ही जी प्रत दिली होती, ती त्यांच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात कोरडी होती. सर स्वतः गेले. त्या वकिलांनी फाइल पुढे केली आणि म्हणाले, "काढून घ्या झेरॉक्स. मजकुराबद्दल काय म्हणायचं ते मी कोर्टात म्हणेन." या एका वाक्यात आमच्या व्यवसायाची इभ्रत आहे असं मला वाटतं.

दुय्यम पुराव्यासाठी अर्ज केला तो तेव्हाच्या भारतीय पुरावा अधिनियमाच्या कलम ६५ खाली. १ जुलै २०२४ पासून त्याच जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चं कलम ६० आहे. मूळ कागद नष्ट झाला किंवा गहाळ झाला तर प्रतीवरून मजकूर सिद्ध करता येतो, पण आधी तीन गोष्टी दाखवाव्या लागतात: मूळ कागद होता, तो गेला, आणि प्रत त्याचीच आहे. पहिली गोष्ट पोचवहीने दाखवली. काकांच्या अक्षरात नोंद होती: तारीख, एक पान, निळी शाई, स्टँपपेपरची किंमत, "पक्षकारांच्या विनंतीवरून ऑफिसात ठेवला", आणि खाली आजींची थरथरती सही. दुसरी गोष्ट तलाठ्यांच्या पंचनाम्याने. पुरानंतर पंचनामे सुरू झाले तेव्हा कॉम्प्युटर, कपाट, टेबल-खुर्च्या यांची नोंद होत होती. कागदांना किंमत नाही म्हणून त्यांचा रकानाच नव्हता. काकांनी हट्टाने "पक्षकारांचे दस्तऐवज व फायली पाण्याने नष्ट" ही ओळ घालून घेतली. ती ओळ पुढे फार उपयोगी पडली. शिवाय उरलेला स्टँपपेपरचा तुकडा आम्ही वाळवून ठेवला होता, तो अर्जासोबत हजर केला. म्हणून सांगते, ज्या कागदावरून वाद व्हायचा आहे त्याचा लगदासुद्धा कोर्टाचा हुकूम होईपर्यंत फेकू नये.

स्टँपपेपरची किंमत पोचवहीत लिहिण्याचा सरांचा आग्रह मला पूर्वी जादा वाटे. त्या दिवशी कारण समजलं. मूळ दस्तावर मुद्रांक कमी असेल तर दंड भरून तो दुरुस्त करता येतो. नुसत्या छायाप्रतीवर तसं करता येत नाही, आणि मूळच अपुऱ्या मुद्रांकाचं असेल तर प्रत पुराव्यात येत नाही.

अर्ज मंजूर झाला. मजकुराचा वाद अजून चालू आहे आणि तो चालेल. पण आजींना दिलेला शब्द मोडला हे सरांना लागून राहिलं आहे, आणि ती चूक माझीही आहे. लॉकडाऊन उठल्यावर कुरिअरने नव्हे तरी मुंबईला जाणाऱ्या कोणाच्या हाती तो कागद मी पोचता करायला हवा होता.

तारखांचं काय झालं

पुरानंतर दोन दिवसांनी आम्ही काकांच्या ओटीवर बसून शंभरपानी वही उघडली. पुढच्या महिनाभराच्या सगळ्या तारखा होत्या. प्रत्येक चालू प्रकरणात एकपानी पुरशीस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, तयार केली: ऑफिस पुरात बुडालं, फाइल नष्ट, रेकॉर्ड पुन्हा उभं करायला मुदत मिळावी. हाताने लिहिल्या, कार्बन घालून. कोरी वकीलपत्रं पिशवीत होतीच. कोर्टाच्या फायलीतून दाव्याच्या, कैफियतीच्या (दाव्याला दिलेल्या उत्तराच्या), रोजनाम्याच्या (तारखांना काय झालं त्या नोंदीच्या) नकला मागवल्या, काही विरुद्ध बाजूच्या वकिलांकडून घेतल्या. दाव्यातला जवळजवळ प्रत्येक कागद तीन ठिकाणी असतो: आपल्याकडे, कोर्टात आणि समोरच्याकडे. आपण बुडालो तरी उरलेल्या दोन ठिकाणी तो असण्याची बरीच शक्यता असते. मात्र दाखल न केलेल्या मसुद्यांना आणि पक्षकाराच्या टिपणांना हा आधार नाही. ती गेली ती गेलीच.

मोबाइल चालत नव्हते तेव्हा शटरवर पुठ्ठा टांगला: "ऑफिस तात्पुरतं अमुक ठिकाणी. सर्व तारखा सुरक्षित. अस्सल कागद असलेल्यांनी काळजी करू नये." कोर्टाजवळच्या चहावाल्याकडेही एक प्रत दिली. खेड्यातून येणारा माणूस आधी तिथेच टेकतो. "सर्व तारखा सुरक्षित" हे तीन शब्द वाचून परत गेलेले पक्षकार नंतर भेटले की अजूनही त्याची आठवण काढतात.

मुदतींच्या बाबतीत मात्र आम्ही तरलो ते तयारीमुळे असं म्हणणं खोटं ठरेल. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दिलेल्या आदेशांनी १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला गेला. आमचा पूर नेमका त्याच काळात आला. पुढच्या पुराला असं छत्र असेल असं धरून चालणारं ऑफिस २००५ चीच चूक पुन्हा करील.

आता

पोटमाळा पुन्हा बांधला नाही. मागच्या खोलीत क्लँपच्या झाकणाचे दोन निळे प्लॅस्टिकचे पिंप आले आहेत. पूर्ण भरायचे नाहीत, म्हणजे तरंगतात. खिडकीच्या गजाला नायलॉनच्या लांब दोरीने बांधलेले, छतापर्यंत चढता येईल इतकी ढील ठेवून. आणल्यावर एक पिंप आत रद्दी भरून रात्रभर माझ्या विहिरीत सोडला होता, सकाळी रद्दी कोरडी निघाली. पण पावसाळाभर बंद ठेवलं तर आतल्या दमटपणानेच कागद खराब होतात, म्हणून दर शनिवारी उघडून हवा द्यावी लागते. काका ते करतात. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जून ते सप्टेंबरच्या पौर्णिमा-अमावास्यांना लाल गोल आहेत. उधाणाच्या आगेमागे दोन दिवस सगळ्या चालू फायली पिंपात जातात, मग पाऊस असो वा नसो. कॉम्प्युटरही घेतला, फायली स्कॅनही होतात. त्याला माझा विरोध नाही. फक्त तो दुसऱ्या वहीची जागा घेत नाही.

पोचवहीचा अपवाद बंद झाला. मागच्या गणपतीला आजी मुलाबरोबर गावी आल्या, तेव्हा सरांनी त्यांना बसवून कोर्टाच्या हुकमाची प्रमाणित नक्कल दिली आणि पोचवही पुढे केली. त्यांनी चष्मा काढून पुसला, जुनी नोंद स्वतः वाचली, तिच्याखाली सही केली आणि नक्कल मुलाच्या हातात न देता आपल्या पिशवीत ठेवली.